बेल वाजत होती, मी उठले नाही

आज दुपारी सव्वातीनला आमच्या दाराची बेल तीनदा वाजली. मी घरातच होते, जागी होते, आणि मी दार उघडलं नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याची बातमी झाली आहे. तिथे टँकरच्या पाण्यावरून रोज जुंपलेलीच असते, त्यात माझी भर नको, म्हणून इथे लिहिते. इथे तुम्ही सगळी माझी माणसं आहात.

मेसेज असा: "काकू घरात असून दार उघडत नाहीत. आत लाइट चालू होता." त्याखाली एकाने लिहिलं, "पेंटिंग करत असतील, चांगला टाइमपास आहे त्यांचा." त्याला चार अंगठे.

टाइमपास! तेव्हापासून माझ्या हातून भांडी जरा जोरातच ठेवली जाताहेत.

मी काय करत होते ते सांगते. डायनिंग टेबलावर बोर्ड, त्यावर चारी बाजूंनी टेप लावलेला जलरंगाचा जाड कागद, पाव शीट, ३०० जीएसएमचा. बोर्डाच्या वरच्या कडेखाली पोळपाट, उतार मिळावा म्हणून. पंखा बंद, कारण वाऱ्याने कागद एका बाजूने आधी वाळतो. घामाच्या धारा लागलेल्या. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना हे निळा आणि तांबूस तपकिरी रंग एकत्र केले की आमच्या ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरावरच्या पावसाच्या ढगाचा करडा मिळतो, थोडा निळा वाढवला की ढग लांबचा होतो, थोडा तांबडा वाढवला की डोक्यावर येतो. तो करडा मी वाटीत मुबलक करून घेतला होता आणि कागदाच्या वरच्या टोकापासून आभाळ खाली आणत होते. ब्रशचा एक पट्टा मारला की त्याच्या खालच्या कडेला पाण्याची एक लांबट धार साठून राहते, काठोकाठ भरलेल्या वाटीसारखी फुगलेली. पुढच्या पट्ट्याने ती धार उचलून खाली न्यायची. मग पुढची. मध्ये थांबायचं नाही. थांबलात तर धार तिथेच बसते, कड वाळते आणि रेघ पडते. ती रेघ नंतर काही केल्या जात नाही. घाईघाईने अर्धवट वाळलेल्या जागी पाणी लावायला गेलात तर ते पाणी रंगाला ढकलतं आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो.

अर्ध्या आभाळात होते आणि बेल वाजली.

आता मागच्या वर्षीची गोष्ट सांगते. माझ्या मैत्रिणींनी ती ऐकली आहे, पुन्हा ऐका.

ऑगस्ट महिना. रात्रभर कोसळून पाऊस पहाटे थांबलेला. सकाळी सातला मी उपवन तळ्याच्या काठावर छोटं स्टूल टाकून बसले होते. समोर येऊरच्या डोंगरावर ढग निम्म्यापर्यंत उतरला होता आणि तळ्यात डोंगराचा फक्त पायथा दिसत होता, वरचं सगळं गायब. तीन महिने घरी वॉश, म्हणजे असा सलग रंग उतरवणं, करून करून कागद वाया घालवले होते. त्या दिवशी पहिल्यांदा रंग मी नेईन तिकडे येत होता. आणि फोन वाजला. आमचे हे. "अगं, साखरेचा मोठा डबा कुठे ठेवलास?"

मी ब्रश पाण्यात ठेवला. म्हटलं, वरच्या कप्प्यात, डावीकडे, पोह्यांच्या मागे. "नाही दिसत." स्टूल घ्या. "हां... सापडला." दोन मिनिटं झाली असतील. वळून बघते तर आभाळाच्या मधोमध आडवी रेघ, कात्रीने कापल्यासारखी.

मी तिथे बसून रडले. साठी ओलांडलेली बाई, एका कागदासाठी. फिरायला आलेले एक आजोबा थांबले, म्हणाले, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" मी त्यांना काय सांगणार? त्या रेघेकडे बघताना मला एकच कळत होतं, की मी आयुष्यभर प्रत्येक गोष्टीतून मध्येच उठत आले आहे. ताटावरून उठले, झोपेतून उठले, नाटकाच्या दुसऱ्या अंकातून उठले (गडकरीला, दोनदा, घरून निरोप आला म्हणून). आणि मध्येच उठलं की काय होतं ते कधी डोळ्यांना दिसलं नव्हतं. त्या दिवशी दिसलं.

माझी नोकरी टेलिफोनची, हे तुम्हाला माहीत आहेच. १९८५ला लागले. पुढे कित्येक वर्षं १९७ वर, म्हणजे डिरेक्टरी एन्क्वायरी. तरुण मुलांना हा नंबर ठाऊकही नसेल. कुणाचाही फोन नंबर हवा असला की लोक १९७ फिरवायचे आणि आम्ही शोधून द्यायचो. डोक्याला हेडसेट, आधी हातात जाडजूड डिरेक्टऱ्या, नंतर समोर कॉम्प्युटर. एक कॉल संपतो न संपतो तोच दुसरा कानात. बदली माणूस येऊन बसेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, पाणी प्यायलासुद्धा. मला त्या कामाचा अभिमान आहे. २६ जुलै २००५च्या त्या पावसात मी ड्युटीवर होते, घरी दुसऱ्या दिवशी पोचले. अर्ध्या लाइनी बंद, आणि ज्या चालू होत्या त्यावर माणसं हॉस्पिटलचा नंबर मागताहेत, पोलीस स्टेशनचा मागताहेत, एक बाई मुलाच्या शाळेचा नंबर मागताना मध्येच बोलायची थांबली. त्या रात्रीसारखी बेल पुन्हा वाजली तर मी हातातला ब्रश फेकून उठेन. हे मुद्दाम लिहिते, म्हणजे कुणी मला निष्ठुर म्हणायला नको.

पण साखरेचा डबा म्हणजे २६ जुलै नव्हे!

३१ जानेवारी २०२०ला व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेऊन आम्ही हजारो जण एकाच दिवशी बाहेर पडलो. दोन महिन्यांत लॉकडाउन. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांचं सगळं मी केलं, मनापासून केलं. त्या गेल्या आणि घर एकदम गप्प झालं. एका रविवारी सकाळी तलावपाळीला गेले होते, कौपीनेश्वराचं दर्शन घेऊन परतताना काठावर सात-आठ मुलंमुली चित्रं काढत बसलेली दिसली. मी मागे उभी राहून बघत होते. बराच वेळ. एका मुलीने मागे वळून विचारलंसुद्धा नाही, नुसता एक कागद फाडून माझ्या हातात दिला, तिचा जादाचा ब्रश दिला आणि सरकून जागा केली. मी बोटी काढल्या. त्या केळ्यांसारख्या दिसत होत्या. पण पहिल्यांदा ओल्या कागदावर निळा टेकवला आणि तो आपणहून पसरत गेला ना, तेव्हा मी श्वास रोखून बघत राहिले. पाणी काम करत होतं आणि मला फक्त तिथे असायचं होतं.

घरी परतताना राम मारुती रोडवरून कॅमलच्या ट्यूबचा डबा घेतला. शाळेत असताना हाच हवा होता, तेव्हा भावाला मिळाला.

शांत वाटतं का म्हणून विचारतात. वाटतं. पण लोकांना वाटतं तसं ते झोपाळ्यावर बसल्यासारखं शांत नसतं. ओल्या कागदाची चकाकी असते ती दहा मिनिटं, पावसाळ्यात जरा जास्त, मे महिन्यात तर तीनच मिनिटं, तेवढ्या वेळात डोक्यात दुसरं काही शिरत नाही. ना लाइटचं बिल, ना कुणाचं टोचून बोललेलं वाक्य. आमचे चित्रकलेचे सर म्हणतात, "चकाकी आहे तोवर कागद तुमचा, चकाकी गेली की हात मागे." हात मागे घेणं मला जास्त कठीण जातं. वाळू द्यायचं, काही करायचं नाही, ढवळायचं नाही. सगळा जन्म ढवळण्यात गेला.

आणि पांढरा रंग. जलरंगात पांढरा सहसा वेगळा लावत नाहीत, तो कागदाचाच राखायचा असतो. तळ्यावरची चमक हवी असेल तर तेवढी जागा आधीपासून सोडून ठेवायची. सावळाराम हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर, दवाखान्यात, कुठे ना कुठे पाहिलं असेलच. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, ते जलरंगातलं आहे आणि समोर दिवा धरून उभी होती ती त्यांची मुलगी गीता. ज्योतीवर धरलेल्या हाताची बोटं आतून पेटल्यासारखी दिसतात. दुरुस्त्या करत बसायची मुभा नसलेल्या माध्यमात ते केलं आहे त्या माणसाने! ते करताना त्यांच्या दाराची बेल कुणी वाजवली असती तर त्यांनी उठायला हवं होतं का? मी हळदणकर नाही, मला माहीत आहे. पण ओला कागद माणूस बघून वाळत नाही.

दुसरं डोकं फिरवणारं वाक्य म्हणजे "विकता का?" भाची म्हणते मावशी, इन्स्टावर पेज काढ. शेजारच्या म्हणतात, मुलांचे क्लास घ्या, सुट्टीत चार पैसे मिळतील. चांगल्या भावनेने म्हणतात, मान्य. पण पस्तीस वर्षं माझ्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब रजिस्टरमध्ये लागत होता. आता हा एक तास कुणाच्याही रजिस्टरमध्ये जाणार नाही. पेन्शनमध्ये माझा कागद येतो, तेवढं पुरे.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, तर बेलचंही सांगून टाकते.

बेल वाजवणारी आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी. नोकरी घरूनच करते, नवरा दौऱ्यावर, धाकटं सात महिन्यांचं, आणि थोरल्याची स्कूलबस खाली आलेली. धाकटा झोपला होता, पाच मिनिटं कुणी घरात बसलं असतं तर तिला पळत जाऊन थोरल्याला आणता आलं असतं. शेवटी वॉचमनने त्याला वर आणून सोडलं. तिची अडचण खरी होती. हो, खरी होती. मला आधी कळलं असतं तर मी उठले असते की नसते, हे मी आता तरी सांगू शकत नाही.

पण तिने फोन केला असता, "काकू, अडलंय" म्हटलं असतं, तर गोष्ट वेगळी. तिने बेल दाबली ती मी असणारच, येणारच, हे धरून. रिटायर झालेली बाई म्हणजे चोवीस तास उघडं असलेलं दार. माझा मुलगाही तसंच धरून चालतो. गॅसवाला येईल, कुरियर येईल, आई आहेच. आणि त्यात त्यांची एकट्याची चूक नाही, बेल वाजली की उठायची सवय सगळ्यांना मीच लावली. ती साखरेच्या डब्याची जागा यांना तरी कशी माहीत असणार? तीस वर्षं मी तो डबा हातात नेऊन देत होते.

संध्याकाळी वर जाऊन आले. धाकट्याला तासभर मांडीवर घेऊन बसले, ती तेवढ्यात न्हाऊन आली. फार बोललो नाही. तिने ग्रुपवरचा मेसेज डिलीट केला होता, मी त्याबद्दल विचारलं नाही. निघताना मी तिला सांगितलं, सकाळी सात ते आठ आणि दुपारी तीन ते चार मी नाही असं समज, बाकी कधीही ये, मध्यरात्री ये. ती म्हणाली, "काकू, तुम्ही तेव्हा काय करता नक्की?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हटलं, उद्या चारनंतर खाली ये, दाखवते.

साडेसहाला आभाळावर डोंगराचा दुसरा हात दिला. दमट हवेत वाळायला वेळ लागतोय. उपवनचं ते रेघ पडलेलं चित्र मी टाकलेलं नाही, फ्रिजवर चुंबकाने लावलेलं आहे, बरोबर साखरेच्या कप्प्यासमोर. यांनी आज त्याच्याकडे बघितलं, मग टेबलाकडे बघितलं, आणि काही न बोलता हॉलमध्ये चटई पसरली. ताटं, वाट्या, आमटीचं पातेलं, सगळं स्वतः आणून खाली मांडलं. मीठ कुठे आहे तेवढं विचारलं नाही. शोधलं.