सुलोचनादीदींना नुसती 'सोज्वळ आई' म्हणू नका

परवा आमच्या एका ग्रुपवर व्हिडिओ आला. फोटो सुलोचनादीदींचा, मागं लावणी वाजतेय आणि खाली ओळ : 'हिंदी सिनेमाची सोज्वळ आई'. पन्नासेक जणांनी हात जोडले. लावणी सुलोचना चव्हाण यांची होती. त्या गायिका, मूळच्या मुंबईच्या, डिसेंबर २०२२ मध्ये गेल्या. त्यांच्याआधी मूकपटाच्या काळात आणखी एक सुलोचना होऊन गेल्या, त्यांचं खरं नाव रूबी मायर्स. आणि फोटोतल्या ज्या आहेत त्या सुलोचना लाटकर, आमच्या खडकलाटच्या. तीन बायका, तीन आयुष्यं. ती एकात कालवू नका, एवढं मी तिथंच लिहिलं. पण रात्रभर डोक्यात राहिली ती चूक नाही, तो 'सोज्वळ' शब्द राहिला. त्यावर सविस्तर लिहायचं ठरवलं.

खडकलाट निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात. ३० जुलै १९२८ ला त्या तिथं जन्मल्या तेव्हा ही सीमाच नव्हती. ना आजचा कर्नाटक होता, ना आजचा महाराष्ट्र. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तोवर या बाईंचं मराठी पडद्यावर चांगलं नाव झालं होतं. म्हणजे 'वहिनींच्या बांगड्या' आला १९५३ ला, तेव्हा त्यांचं गाव आणि त्यांचं कोल्हापूर यांच्यामध्ये राज्याची रेघ नव्हती. पुढं ती रेघ आली आणि बाई एका बाजूला, जन्मगाव दुसऱ्या बाजूला असं झालं. २००९ ला महाराष्ट्र सरकारनं त्यांना महाराष्ट्र भूषण दिला तेव्हा आमच्या भागातल्या जुन्या माणसांना काय वाटलं असेल, ते सीमाभागात राहिल्याशिवाय कळायचं नाही. माझ्या वडिलांनी त्या दिवशीचा पेपर घडी करून ट्रंकेत ठेवला. अजून आहे.

माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. संध्याकाळी घरी आली की आधी परड्यात उभी राहून पदर झटकायची, मग हातपाय धुवायची, मग पुन्हा हात धुवायची. तरी भाकरी थापताना तिच्या हाताला जरा उग्र वास यायचाच. आम्हा भावंडांना त्याची सवय होती. एका वर्षी गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, सिनेमाचा तंबू पडला आणि त्यात 'मोलकरीण' लागला. सिनेमा १९६३ चा, पण आमच्याकडं तंबूत जुनेच सिनेमे यायचे. बायकांची बाजू वेगळी, खाली पोती अंथरलेली. ज्या मुलाला वाढवलं त्याच्याच घरी आई मोलकरीण म्हणून राबते, अशी गोष्ट. आजूबाजूच्या बायका हुंदके देत होत्या. आई रडली नाही. ती एकटक बघत होती. मध्येच माझ्या कानाशी म्हणाली, "ही खडकलाटची हाय. आपल्यातली." आणि थोड्या वेळानं, "काम करणाऱ्या बाईगत बसलीया बघ."

सिनेमातल्या अभिनयावर मी पुढं बरंच वाचलं, पण आईच्या या वाक्याच्या पुढं मला जाता आलेलं नाही. आयुष्यभर खाली बसून राबलेल्या बाईला दुसरी बाई खरी बसलीय की बसल्यासारखं करतेय हे लगेच कळतं. पदर कुठं खोचायचा, उठताना कुठल्या गुडघ्यावर हात द्यायचा, मालकिणीनं हाक मारल्यावर मान किती वर करायची. 'देव जरी मज कधी भेटला' हे आशाबाईंचं गाणं सगळ्यांना पाठ आहे, त्यावर सगळे रडतात. मला त्या गाण्याच्या आधीची आणि नंतरची, न बोलणारी सुलोचना जास्त आठवते.

हे त्यांना जन्मतः येत होतं असं समजू नका. माझा राग त्याच समजुतीवर आहे. 'सोज्वळ' म्हटलं की असं वाटतं, बाई मुळातच तशी होती, कॅमेऱ्यापुढं उभी राहिली आणि झालं. खडकलाटची ती मुलगी कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये आली तेव्हा तिच्या खेडवळ बोलण्याला लोक हसत, हे त्यांनीच पुढं मुलाखतींत सांगितलंय. त्याच कंपनीत तेव्हा लता मंगेशकरही होत्या, दोघीही लहान वयाच्या, आणि तिथं जुळलेली मैत्री जन्मभर टिकली. विनायकरावांची कंपनी पुढं मुंबईला गेली आणि सुलोचनाबाई जयप्रभा स्टुडिओत दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडं आल्या. भालजींनी त्यांच्या डोळ्यांवरून त्यांना सुलोचना हे नाव दिलं. नाव देणं सोपं, पण भालजींनी त्यांना उभं राहायला, बोलायला, शब्द स्वच्छ टाकायला शिकवलं, आणि त्यांनी ते कष्टानं शिकून घेतलं. १९४६ ला 'सासुरवास' आला. १९४८ ला गांधीहत्येनंतर जयप्रभा जाळला गेला, त्यात 'मीठ भाकर' सुद्धा गेला. तो पुन्हा पहिल्यापासून चित्रित करून १९४९ ला लोकांपुढं आला. केलेलं काम राख झाल्यावर तेच काम पुन्हा त्याच मनानं करायचं, ही काय साधी गोष्ट आहे?

बोलण्याला हसणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. शिक्षिका होण्याआधी पुण्यात एका प्रशिक्षणाला गेले होते. पहिल्याच दिवशी ओळख करून देताना "मी निपाणीकडनं आलो" असं बोलून गेले. आमच्याकडं बायकाही 'आलो, गेलो, जातो' असंच म्हणतात. आजी तसंच बोलायची, आई तसंच बोलते. अख्खा वर्ग हसला. शिकवायला आलेल्या बाईंनी तर ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. त्यानंतर तीन आठवडे मी विचारल्याशिवाय तोंड उघडलं नाही. 'काय करालायस', 'जेवालोय' हे सगळं गिळून टाकलं. खोलीवर येऊन एकटीच 'आले, गेले, जाते' घोकायचे. म्हणून सुलोचनाबाईंची ती मुलाखत वाचली तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. हसणाऱ्यांपुढून उठून न जाता त्या शिकल्या, आणि नंतर मराठी बायकांनी कसं बोलावं याचा नमुना म्हणून लोक त्यांच्याकडं बघायला लागले.

आता हिंदीचं. १९५९ साल घ्या. त्या वर्षी त्यांची दोन मोठी हिंदी कामं आली आणि दोन्हीत त्या आई होत्या. नासिर हुसेन यांच्या 'दिल देके देखो' मध्ये त्या शम्मी कपूरची आई झाल्या. शम्मी कपूरचा जन्म ऑक्टोबर १९३१ चा, म्हणजे आई मुलापेक्षा तीन वर्षांनी मोठी. पुढं १९७० ला 'जॉनी मेरा नाम' आला. त्यात त्यांचे दोन मुलगे, देव आनंद आणि प्राण. देव आनंद १९२३ चे, प्राण १९२० चे. दोघंही त्यांच्यापेक्षा वयानं मोठे! देवसाहेब त्यानंतरही कितीतरी वर्षं नायकच राहिले. आणि या बाईंनी एकतिसाव्या वर्षी केसांना पांढरं लावून घेतलं ते लावूनच घेतलं. धर्मेंद्र, अमिताभ, एकामागून एक मुलगे होत गेले. त्यांनी याबद्दल कधी तक्रारीचा सूर लावला नाही, आईच्या भूमिकांनी मिळवून दिलेलं प्रेम मानानं सांगितलं. ते मी मानते. पण त्यांनी तक्रार केली नाही म्हणून आपणही ती करू नये असं नाही. तरण्याताठ्या अभिनेत्रीला म्हातारी करून टाकायची आणि मग पन्नास वर्षं तिला 'सोज्वळ आई' म्हणून हात जोडायचे, यात मला तिचा सन्मान दिसत नाही.

आणि ज्यांना वाटतं की आई म्हणजे डोळ्यांत पाणी आणि हातात निरांजन, त्यांनी १९५९ चाच बिमल रॉय यांचा 'सुजाता' बघावा. आधी बघितला असेल तरी पुन्हा बघावा. आमच्या गल्लीत व्हीसीआर भाड्यानं आणायचे त्या काळात मी तो पहिल्यांदा बघितला आणि तेव्हा मला त्यातली आई आवडलीच नव्हती. अस्पृश्य मानलेल्या जातीतली पोरकी मुलगी एका इंजिनिअरच्या घरात वाढते. त्या घरातली आई चारू, म्हणजे सुलोचनाबाई. ही चारू दुष्ट नाही. मुलीला खायला घालते, जीव लावते. पण चारचौघांत ओळख करून देताना ती 'बेटी' म्हणत नाही, 'बेटी जैसी' म्हणते. त्या एका 'जैसी' मध्ये अख्खी जातव्यवस्था येऊन बसते आणि सुलोचनाबाई तो शब्द अजिबात जोर न देता, सवयीनं, जवळजवळ मायेनंच उच्चारतात. म्हणूनच तो जास्त लागतो. वाईट बाई वाईट बोलली तर प्रेक्षक सुटतो. चांगली बाई असं बोलली की आपल्याला आपली आत्ती आठवते, आपली आज्जी आठवते. मला आठवली. आमच्या घरीही वखारीतल्या आईच्या मैत्रिणींना चहाचा कप वेगळा असायचा, खिडकीत पालथा घातलेला. आज्जी त्यांना प्रेमानं दोन कप चहा पाजायची, पण त्याच कपातून. शेवटी चारू जखमी होते, रक्त लागतं, आणि जुळतं ते सुजाताचंच. त्यानंतर चारूचं तोंड बघा. लाज, माया आणि उशीर झाल्याची जाणीव, सगळं एकदम येतं. या बाईला सोज्वळ म्हणायचं? ती एका सज्जन घरातलं पाप आपल्या अंगावर घेऊन दाखवतेय.

जाता जाता एक गंमत, मला तिचा फार अभिमान वाटतो. बंगाली दिग्दर्शकाच्या या सिनेमात नूतन म्हणजे शोभना समर्थांची लेक, ललिता पवार येवल्याच्या, शशिकला सोलापूरच्या आणि सुलोचना खडकलाटच्या. एका हिंदी घरातल्या चार बायका, चारही मराठी.

बाकी यादी मी देत बसत नाही. मराठी-हिंदी मिळून अडीचशेहून जास्त सिनेमे आहेत. १९६४ च्या 'मराठा तितुका मेळवावा' मधल्या त्यांच्या जिजाबाई मात्र सांगायलाच हव्यात. आमच्याकडं जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांच्या डोळ्यांपुढं जिजाऊ म्हटलं की अजून त्यांचाच चेहरा येतो. १९९९ ला पद्मश्री मिळाली. ४ जून २०२३ ला, चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्या मुंबईत गेल्या. रविवार होता. टीव्हीवर दिवसभर त्यांच्या रडण्याचेच तुकडे दाखवत होते. खडकलाटचं नाव आलं ते एका ओळीत, 'कर्नाटकातील एका खेड्यात जन्म' असं. मला बोललेलं वाईट वाटलं नाही, न बोललेलं वाटलं. त्या खेड्यात मराठी बोलतात, कन्नड बोलतात, दोन्ही एका वाक्यात बोलतात. तिथल्या भाषेला स्टुडिओत हसले होते. तीच भाषा आतून माहीत असलेली बाई पडद्यावर राबणाऱ्या बाईचं बसणं-उठणं इतकं खरं करू शकली. हे सांगायला दोन मिनिटं लागली असती.

३० जुलै २०२८ ला त्यांच्या जन्माला शंभर वर्षं होतील. मी माझ्या परीनं एक ठरवलंय. त्या वर्षी आमच्या शाळेत वरच्या वर्गातल्या मुलांना 'सुजाता' दाखवणार आणि दाखवून झाल्यावर त्या एका 'जैसी' वर एक तास बोलणार. मुलांनी कुठल्याही भाषेत बोलावं, घरी बोलतात तसं. निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर आणि पलीकडं कागल, गडहिंग्लजच्या शिक्षकांनी जमलं तर असंच करावं. सिनेमा मोबाईलवर सहज मिळतो, एक पडदा आणि एक स्पीकर लागतो. आणि खडकलाट भागातल्या ज्या घरांत त्यांच्या लहानपणाच्या, त्या काळातल्या गावाच्या आठवणी वडीलधारी माणसं सांगत असतील, त्यांनी त्या आत्ताच लिहून काढाव्यात किंवा फोनवर आवाज भरून ठेवावा. ती माणसं आता थोडीच उरलीत.

हे लिहीत बसले होते तेव्हा आईनं विचारलं, काय लिवालाईस एवढं. सांगितलं. म्हणाली, मग लाव की तो शिनेमा. 'मोलकरीण' लावून फोन तिच्या हातात दिला. आता तिला नीट दिसत नाही, फोन नाकाशी धरून बघते. थोड्या वेळानं हाक मारली. मला वाटलं आवाज वाढवायचाय. म्हणाली, "तिचा हात बघ. दमलाय तो हात."