शिक्रा की पावशा? नुसत्या पट्ट्यांवरून ठरत नाही

शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी, पावशा कोकिळेच्या कुळातला, पण दोघे दिसायला सारखे. पक्ष्यांच्या ग्रुपवर एक माहितीपट्टी पुन्हा पुन्हा फिरते: ‘करडी पाठ, छातीवर तांबूस आडवे पट्टे, पिवळा डोळा, पट्टेरी शेपटी म्हणजे शिक्राच. सातभाई ओरडायला लागले तर खात्रीच समजा. पावशा फक्त पावसाळ्यात येतो.’ नवशिके हे पाठ करतात आणि अर्ध्या वेळा पावशाला शिक्रा म्हणून मोकळे होतात.

रंगाची प्रत्येक खूण पावशालाही लागू पडते. पाठ करडी, खाली तांबूस रंग आणि आडवे पट्टे, डोळा पिवळा. शेपटीवरचे पट्टे तर शिक्र्याहून ठळक. उलट प्रौढ नर शिक्र्याचा डोळा लाल असतो, म्हणजे या नियमाने खरा शिक्राच बाद होतो. दोघांची पिल्लं मोठी होताना वरून तपकिरी आणि खालून ठिपक्यारेघांची असतात, तिथे तर रंगाच्या नादी लागूच नये.

बघायची ती चोच. शिक्र्याची आखूड आणि बुडापासूनच आकड्यासारखी वळलेली. पावशाची लांबट, जवळपास सरळ, टोकाशी जराशी वाकलेली, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. मग पाय. शिक्र्याचे लांब, पिवळे, अणकुचीदार नख्यांचे. तीन बोटं पुढे, एक मागे. पावशाचे आखूड, त्यांची दोन बोटं पुढे, दोन मागे. शिक्र्याच्या गळ्यावर मधोमध उभी काळपट रेघ असते. पक्षी समोर तोंड करून बसला असेल तर तीही शोधा. पावशा फांदीवर उतरला की शेपटी डावी-उजवीकडे हलवतो, पण उडताना मात्र तो हुबेहूब शिक्र्यासारखाच: चार फटके, मग तरंगत जाणं.

सातभाई म्हणजे थव्याने फिरणारे, कलकलाट करणारे छोटे पक्षी. त्यांच्या ओरड्याने तर काहीच सिद्ध होत नाही. पावशा त्यांच्याच घरट्यात अंडी घालतो, आणि ससाण्यासारख्या त्या रूपाला छोटे पक्षी खरोखर घाबरतात. ओरडा झाला म्हणजे ते घाबरले, एवढंच कळतं.

आणि पावसाळ्याचा पाहुणा? महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी पावशा वर्षभर असतो. उन्हाळ्यापासून ‘पेरते व्हा’ची चढत जाणारी हाक ऐकू येते म्हणून तो जाणवतो, हिवाळ्यात गप्प असतो, आणि तेव्हाच त्याचा शिक्रा होतो.

फोटोत चोच आणि पाय दिसत नसतील तर नोंदीत ‘शिक्रा किंवा पावशा’ असंच लिहा.