घरच्या माणसांना मागचं दार

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. गिरगावात मावशीकडे गेले होते. चाळीच्या जागी तिची नवीन इमारत झालीय. खाली शोरूम, त्यावर ऑफिसं, सगळ्यात वर घरं. आम्ही नेहमीसारख्या रस्त्यावरच्या दारातून शिरलो तर वॉचमन आडवा आला. "माताजी, रेसिडेन्स का गेट अब पीछे है." ऑफिसं सुरू झाली आणि हा नियम आला! मागे म्हणजे गल्लीत, जिथे शोरूमचा टेम्पो माल उतरवतो आणि जनरेटर धडधडत असतो. खोक्यांच्या कडेकडेने ७८ वर्षांची मावशी, हातात भाजीची पिशवी. लग्न होऊन ज्या जागेत आली, तिथेच तिला पुढचं दार बंद.

म्हणे मिक्स्ड यूज! गिरगावाला हे शिकवणार का? चाळीत तळमजल्यावर लग्नपत्रिकांचं दुकान आणि पिठाची गिरणी, पहिल्या मजल्यावर वकिलांचं ऑफिस, वर बिऱ्हाडं. जिना एकच. अशिलं, शाळेची पोरं, दळणाचे डबे, सगळी ये-जा तिथूनच. काका गेले त्या दिवशी दुकानाचं शटर कुणी न सांगता खाली आलं. वारसाचे सगळे कागद वकिलांनी एक पैसा न घेता करून दिले.

मान्य, चाळ टेकूंवर उभी होती. संडास गॅलरीच्या टोकाला, पावसाळ्यात रात्री म्हाताऱ्या माणसांचे हाल. आता संडास घरात आहे, याचं सुख मावशीच सांगते.

पण ही इमारत उभी राहिली कोणाच्या जिवावर? १९६९ च्या आधीच्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणाऱ्या) चाळीला मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली जादा एफएसआय (म्हणजे जादा बांधकामाची मुभा) मिळतो तो तिथल्या भाडेकरूंमुळे. त्यातल्या ५१ टक्क्यांच्या सह्या झाल्याशिवाय फाइल हलत नाही. सह्या घेताना बिल्डरची माणसं मावशीच्या ओट्यावर चहा प्यायली. आणि आता मावशी 'पीछे'?

ऑफिसवाल्यांना सुरक्षा लागते, ठीक आहे. लिफ्ट वेगळ्या ठेवा ना. रस्त्यावरचं दार का हिरावून घेता?

त्या वॉचमनवर माझा राग नाही. गावाकडून आलेलं पोरगं, सांगितलं ते करतंय. शेवटी त्यानेच पिशवी उचलून लिफ्टपर्यंत आणून दिली. मावशी त्याला "जेवलास का रे" विचारत होती. मला मात्र रडू येत होतं.

लालबाग-परळ-दादरमध्ये ज्यांच्या चाळीचं बोलणं चाललंय त्यांनी ऐका. ३०० फूट की जास्त, बांधकाम होईपर्यंत बाहेर राहायचं भाडं किती, कॉर्पस (देखभालीसाठी बिल्डर देतो तो निधी) किती, यावर आपण महिनोन्‌महिने भांडतो. तळमजल्याचा नकाशा कोणी मागत नाही. मागा. आपलं दार कुठल्या रस्त्यावर उघडतं ते बोट ठेवून दाखवायला लावा आणि करारात लिहून घ्या.

रविवारी मावशीच्या सोसायटीची सभा आहे. मंजूर नकाशात रहिवाशांचं दार कुठे दाखवलंय ते मी विचारणार आहे. असे नकाशे वाचता येणारं कोणी असेल तर शनिवारपर्यंत इनबॉक्समध्ये नंबर टाका.