‘सातबारा नावावर आहे, मग भरावाची जमीन बिनधास्त घ्या’: हे किनाऱ्यावर चालत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि गुंतवणुकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: अलिबाग, मुरूड, दापोलीकडे खाडीकाठी भराव टाकून किंवा बंदिस्ती करून तयार झालेली खासगी जमीन स्वस्तात मिळते. सातबारा विकणाऱ्याच्या नावावर असला की ती इतर कुठल्याही जमिनीसारखी घेता येते. सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे केंद्राचे नियम, २०१९ साली सैल झाला, खासगी जागेतली तिवरं मालकाला काढता येतात, खरेदीखत होईपर्यंत नोटरीचं साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) आणि कुलमुखत्यारपत्र पुरतं, आणि वाद निघालाच तर बारा वर्षांच्या ताब्याने मालकी मिळतेच. निवृत्तीचे पैसे अशा प्लॉटात घालायला निघालेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, म्हणून हे मुद्देवार लिहितोय.

आधी सातबारा. तो महसुली अभिलेख आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलल्याच्या नोंदीने, मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. किनाऱ्यावर प्रश्न आणखी खोल जातो. त्याच संहितेच्या कलम २० नुसार भरतीरेषेखालचा समुद्राचा आणि खाडीचा तळ राज्य सरकारचा आहे. कुणी खाडीत डबर ओतून जागा वर आणली, म्हणून खालचा तळ त्याचा होत नाही. गाळ साचून आपोआप वर आलेली मळईची जमीनसुद्धा शेजारच्या खातेदाराच्या खिशात पडत नाही. ती सरकारची ठरली तर कलम ३२ खाली जिल्हाधिकारी ती आधी काठच्या भोगवटादाराला देऊ करतो, आणि तीही किंमत घेऊन. तेव्हा नाव कुणाचं हे नंतर बघा. ही जमीन पाण्याबाहेर कधी आली, कुणी आणली आणि कुणाच्या परवानगीने, हे आधी विचारा.

याचा अर्थ समुद्राकडून मिळवलेली सगळीच जमीन संशयास्पद असा नाही. पेण-अलिबागच्या खारेपाटात शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या बांध घातले, उघाड्या (पाणी सोडायची दारं) बसवल्या, खाऱ्या मातीत भात पिकवला. इथलीच कुळं खोतांविरुद्ध चरीच्या संपात १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं टिकून राहिली. पुढे कूळ कायद्याने कुळांना मालकी मिळाली. ती मालकी खरी आहे आणि कष्टाची आहे.

पण त्या मालकीला अटी आहेत आणि त्या सातबाऱ्यावरच लिहिलेल्या असतात. उतारा हातात आला की नाव वाचून थांबू नका, ‘इतर अधिकार’ या रकान्यात जा. तिथे ‘कुळकायदा कलम ४३ चे बंधनास पात्र’ असा शेरा दिसला, तर ३२म चं, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचं, प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली आहेत का आणि आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट रक्कम सरकारजमा केली आहे का, हे विचारायचं. दहा वर्षं झाली नसतील तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय केलेला व्यवहार टिकत नाही. शिवाय त्याच कायद्याचं कलम ६३ आहेच. तुम्ही शेतकरी नसाल, तर शेतजमीन घ्यायला परवानगी लागते. जुन्नर-भोरकडे वडिलोपार्जित शेत असलेल्या पुणेकराला ही अडचण नाही. ज्याच्या घरात कुणाच्याच नावे शेती नाही त्याला आहे. विकणारा ‘एनए करून देतो’ म्हणतो, तेव्हा जमीन बिनशेती झाल्याचा अधिकृत कागद आजच्या तारखेला हातात आहे का, एवढंच बघायचं.

आता सीआरझेड. मेसेजमधली एक गोष्ट बरोबर आहे: सीआरझेड विक्रीला बंदी करत नाही. तो वापरावर बंधन घालतो, आणि प्लॉट घेणारा वापरासाठीच पैसे मोजत असतो. २०१९ च्या अधिसूचनेने काही ठिकाणी अंतरं कमी केली हे खरं. खाडीकाठचा पट्टा १०० मीटरवरून ५० वर आला. दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक असतील तिथे, ना-विकास क्षेत्र, म्हणजे नवं बांधकाम न करायचा पट्टा, २०० ऐवजी ५० मीटर झालं. तेही नव्या नियमांनुसारचा किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावर. पण १९ फेब्रुवारी १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेपासून भराव टाकायला आणि भरतीचं पाणी अडवायला जी मनाई आहे, ती बंदर, जेट्टी, पूल, धूप रोखणं अशी कामं सोडली तर आजही कायम आहे. घरांच्या प्लॉटसाठी त्यानंतर टाकलेला भराव बेकायदा, आणि तो विकत घेणाऱ्याच्या गळ्यात येतो. कोचीजवळच्या मरडूमध्ये खाडीकाठच्या इमारतींना पंचायतीची परवानगी होती, लोक राहायलाही आले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१९ च्या आदेशानंतर ११ आणि १२ जानेवारी २०२० ला चार संकुलं स्फोटकांनी पाडली गेली.

खारजमिनीत एक बारकावा आहे आणि तो दलाल सांगत नाहीत. बांध किंवा उघाडी १९९१ च्या त्या तारखेआधीची असेल, तर भरतीरेषा बांधावरच धरतात. आतलं शेत तिच्या अलीकडे राहतं. पण बांधाला खांड पडली, उधाणाचं पाणी आत शिरत राहिलं आणि शेतात तिवरं उगवली, की तो तुकडा सीआरझेड १-अ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक वर्गात जातो. एकाच गटातल्या दोन बाजूंचं भवितव्य असं वेगळं होतं. म्हणून जागा बघायला पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला जा आणि बांधावरून स्वतः चालत फिरा. एप्रिलच्या ओहोटीत सगळं कोरडंच दिसतं.

तिवरं मालक काढू शकतो, हे तर साफ खोटं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांना संरक्षण दिलं ते जमीन कुणाची आहे हे न पाहता.

नोटरीच्या साठेखताबद्दल फार लिहायला नको. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ नुसार साठेखताने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही, आणि कुलमुखत्यारपत्रावर केलेल्या ‘विक्री’ने मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयात सूरज लॅम्प प्रकरणात २०११ साली ठरलं. बारा वर्षांचा ताबा खासगी मालकाविरुद्ध चालतो. सरकारविरुद्ध मुदत कायद्यात तीस वर्षं आहेत. आणि ताबा कितीही जुना झाला तरी सीआरझेड त्याने सुटत नाही.

विकणाऱ्याने माहीत असलेले दोष सांगायलाच हवेत, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचंच कलम ५५ म्हणतं. पण साधी काळजी घेतली असती तर जे तुम्हालाच कळलं असतं, त्याबद्दल नंतर तक्रार करता येत नाही. आणि किनाऱ्याचे आराखडे सर्वांना बघायला खुले आहेत. म्हणून बयाणा देण्याआधी तीन कागद मागा: कूळ कायद्यापासूनचे सगळे जुने फेरफार, गटाचा मोजणी नकाशा, आणि अधिकृत संस्थेने त्या गटावर भरतीरेषा आखून दिलेला १:४००० मापाचा सीआरझेड नकाशा.