टीएसएच वाढला म्हणजे लगेच गोळी नव्हे

टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे, रक्तात मोजले जाणारे संप्रेरक) ४.५ च्या पुढे गेला की थायरॉइडची गोळी सुरू करावी, हा थायरॉइडवरील लेखातील सल्ला मला घाईचा वाटतो. फ्री टी-४ (थायरॉइड ग्रंथीचे रक्तातील मुक्त संप्रेरक) मर्यादेत असताना टीएसएच ६ किंवा ७ आला, तर दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा तपासून सोबत अँटी-टीपीओ (थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे) पाहणे योग्य, कारण आजारपणातून उठल्यावर तो काही काळ वाढलेला राहू शकतो आणि उतारवयातही थोडा वाढतो. गर्भवतींनी मात्र थांबू नये, त्यांचे निकष वेगळे आहेत. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेणाऱ्यांनी (हे रक्त घेताना क्वचितच विचारले जाते) डॉक्टरांना सांगून ते चाचणीपूर्वी किमान दोन दिवस थांबवावे. काही चाचणीपद्धतींत त्यामुळे टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी आणि टी-४ जास्त दिसतो. माझ्या बहिणीने याच कारणाने महिनाभर नाहक धास्ती घेतली होती.