12बी नाही म्हणून डिग्री बोगस? कोणी सांगितलं राजेहो?

आमच्या इकडल्या सगळ्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरून राहिला. म्हणे यूजीसीची (म्हणजे दिल्लीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाची) 12बी मान्यता नसलेल्या कॉलेजची डिग्री बोगस, प्राध्यापकांचा पगार यूजीसी देते, तिचा चेअरमन एका सहीनं कोणालाही कोटी देतो नाहीतर कॉलेजला कुलूप लावतो, आपला अमरावतीचा माणूस त्या खुर्चीवर होता त्यानं विदर्भाला काही दिलं नाही, अन् आता यूजीसीच बंद होणार, तवा गावाकडच्या कॉलेजात ॲडमिशन घेऊ नका. मी सोडून दिलं असतं, पण भाऊजींनी हे वाचून भाचीचा तालुक्याच्या कॉलेजातला बीएस्सीचा फॉर्मच अडवून ठेवला, नागपूरला रूम करून देतो म्हणतात. कोरडवाहू कपाशीवर नागपूरची रूम!

पहिले हे 12बी. यूजीसी कायदा 1956 चा आहे, इंटरनेटवर फुकट मिळतो, मेसेज लिहिणाऱ्यानं उघडलाच नाही. कलम 12बी फक्त पैशाबद्दल आहे, केंद्राचं अनुदान घ्यायला कोण पात्र एवढंच. डिग्री कोण देऊ शकतो ते कलम 22 मध्ये आहे, तिथं लिहिलंय की डिग्री विद्यापीठ देते. कॉलेज डिग्री देतच नाही, मग कॉलेजला 12बी असो का नसो, मार्कशीटवर नाव 1983 च्या अमरावती विद्यापीठाचंच येणार ना बाप्पा? अन् त्या डिग्रीवर पुढे एमएस्सी करता येते, नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) देता येते, त्यातून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) लागली तर महिन्याचे 37,000 यूजीसीच देते. बोगस विद्यापीठांची यादी यूजीसी काढते, त्यात नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षं आहे, भीती त्याची ठेवा. (अशा बोगस लोकांना कलम 24 मध्ये दंड किती? जास्तीत जास्त हजार रुपये. यावर मेसेज कोणी बनवत नाही.)

आता एक गोष्ट खरी आहे, नाइलाजानं मान्य करतो. 12बी नसलं की प्रयोगशाळा, लायब्ररीसाठी दिल्लीचा पैसा येत नाही, अन् खेड्यातल्या कॉलेजात ते दिसते, एका मायक्रोस्कोपमागे पोरांची लाईन लागते. पण सुविधा कमी असणं वेगळं अन् डिग्री बोगस असणं वेगळं.

पगाराचं तर विचारूच नका. आपल्या अनुदानित कॉलेजांचा पगार राज्य सरकार देते, बिलं अमरावतीच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून निघतात. सातव्या वेतन आयोगाच्या वेळी केंद्रानं वाढीव बोजाचा निम्मा भाग उचलला, तोही जानेवारी 2016 ते मार्च 2019 पुरता. बस. बाकी पगार अडला तर मुंबईकडे पाहायचं.

अन् चेअरमन. अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे सुखदेव थोरात 2006 ते 2011 त्या खुर्चीवर होते, हे खरं. पण कायद्यानं आयोगात चेअरमन, व्हाईस चेअरमन अन् आणखी दहा मेंबर असतात, सगळे केंद्र सरकार नेमते, बजेट शिक्षण मंत्रालयातून येते, अन् त्यातला मोठा वाटा केंद्रीय विद्यापीठं अन् दिल्लीच्या कॉलेजांत जाते. धोरणाच्या प्रश्नावर कलम 20 प्रमाणे सरकारचा आदेश पाळावा लागतो. अर्थमंत्रीपद सोडून 1956 मध्ये सी. डी. देशमुख तिथं गेले, ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपलेच मराठी, कोकणातले, पण म्हणून काय कोकणात पोत्यानं पैसा ओतला काय त्यांनी? यूजीसीचा चेअरमन हा सरकारनं नेमलेला माणूस आहे, झेडपीचा सभापती नाही की आपल्या सर्कलला रस्ता दिला. तरी अनुदानाचा नकाशा खेड्यांवर अन्याय करतो असं माझंही मत आहे, फक्त त्याला एका माणसाची सही कारण नाही.

बंद होण्याबद्दल थोडक्यात. 2018 मध्ये यूजीसी कायदा रद्द करायचा मसुदा आला होता, 2020 च्या धोरणातही अनुदानासाठी वेगळी परिषद सुचवली आहे. पण कायदा रद्द करायचा तर संसदेत व्हावा लागते. अन् पाटी बदलली म्हणून विद्यापीठानं दिलेली डिग्री रद्द होत नाही.

भाऊजी, कॉलेजात जाऊन विचारायचंच असेल तर हे विचारा: विद्यापीठाची संलग्नता चालू आहे का, ज्या तुकडीत पोरगी जाते ती अनुदानित की विनाअनुदानित, शिकवणारे किती जण तासिका तत्त्वावर (म्हणजे तासाच्या हिशोबानं पैसे घेणारे) आहेत, अन् प्रॅक्टिकल खरंच होतात का.