दगड, तवा आणि खालून पांढरा राहिलेला पिझ्झा: मिरजेच्या काकूंना उत्तर

नमस्कार काकू,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि तिखटही. पण ती आयुष्यभर स्वयंपाक केलेल्या बाईने लिहिली आहे हे वाक्यावाक्यातून कळतं, म्हणून दोन ओळींत धन्यवाद म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. पिझ्झाच्या दगडावरचा माझा लेख वाचून तुमच्या सूनबाईंनी दगड मागवला, सोबत लांब दांड्याची लाकडी फळी आणि कटरही. रविवारी ओटीजीचा, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनचा, दिवा विझल्यावर त्यांनी दगडावर पिझ्झा टाकला. वरचं चीज करपायला आलं तरी खालची बाजू पांढरी आणि कच्चीच. दुसरा पिझ्झा फळीलाच चिकटला, सरकवताना निम्मं सारण दगडावर सांडलं. मग दगड साबणाने घासून काढला, तर आता त्याला साबणाचा वास येतोय. तुमचा प्रश्न असा, की घरात सासूबाईंच्या वेळचा बिडाचा तवा असताना ही थेरं कशाला? तासभर वीज कशाला जाळायची? आणि एवढं करून पोटात जाणार तो मैदाच ना?

आधी त्या पांढऱ्या पिझ्झाचं बघू, कारण सगळं तिथून बिनसलं. ओटीजीचा दिवा विझतो तेव्हा आतली हवा तापलेली असते, दगड तापलेला नसतो. ओव्हनमधला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला कॉइल चालू-बंद करणारा भाग, हवेचं तापमान मोजतो, दगडाशी त्याचा संबंध नाही. हवा दहा-पंधरा मिनिटांत २५० अंशांवर जाते. दोन-अडीच किलोच्या दगडाला आतपर्यंत तेवढं तापायला पाऊण तास तरी लागतो. तवा नीट तापायच्या आधी भाकरी टाकली तर तिचं काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको; सूनबाईंच्या पिझ्झाचं तेच झालं. दगडाचा दोष नाही आणि त्यांचाही नाही. दिवा विझला की ओव्हन तयार, असं केकच्या पाककृतींनी आपल्याला शिकवलंय, आणि केकला ते चालतं.

पिझ्झाला का चालत नाही? कारण पिझ्झाचं पीठ ओलं असतं, त्यावर टोमॅटोचा रस, त्यावर पाणी सोडणारं चीज. खालच्या पिठातलं पाणी उडून जाईपर्यंत त्याचं तापमान १०० अंशांच्या पुढे सरकत नाही, आणि खरपूस रंग यायला १४० च्या पुढे जावं लागतं. ही मजल खालच्या बाजूने चटकन मारली तरच पोळी कुरकुरीत होते. रेंगाळली तर वरचा रस खाली मुरतो आणि मधला भाग गिच्च होतो. पत्र्याच्या ट्रेमध्ये साठवलेली उष्णता फारशी नसते, ओलं पीठ पडलं की ट्रे लगेच गार पडतो. दगडाने मात्र पाऊण तास उष्णता पोटात भरून घेतलेली असते आणि पीठ टेकताक्षणी तो ती द्यायला लागतो. दगडाचं काम एवढंच, पण ओटीजीसोबतच्या ट्रेला ते जमत नाही.

इटलीतल्या नेपल्समध्ये, जिथे ही विद्या वाढली, लाकडावरच्या भट्ट्या ४३० ते ४८० अंशांवर चालतात आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांची संघटना १९८४ मध्ये स्थापन झाली आणि तिने पिठापासून भट्टीपर्यंत सगळ्याचे नियम लिहून ठेवले. २०१७ मध्ये युनेस्कोने त्या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्या भट्ट्यांचा तळ असतो भाजलेल्या मातीच्या विटांचा. माती उष्णता हळूहळू सोडते, म्हणून एवढ्या भडक आचेतही पोळी खालून जळत नाही. खानदेशात पालथ्या खापरावर मांडे भाजतात, आपल्याकडच्या जुन्या बेकऱ्यांत विटांच्या भट्टीत पाव होतो. तापलेल्या मातीवर आणि दगडावर भाजणं आपल्याला नवीन नाही, काकू. घरात भट्टी नाही आणि ओटीजी २५० च्या वर जात नाही, म्हणून भट्टीच्या तळाचा एक तुकडा आपण ओव्हनमध्ये ठेवतो.

आता तुमचा तवा. इथे तुमचं निम्म्याहून जास्त बरोबर आहे आणि ते मी आनंदाने मान्य करते. लोखंड दगडापेक्षा निदान पंधरा पटींनी जलद उष्णता पोचवतं. नेपल्सच्या भट्टीत लोखंडी तळ असता तर पिझ्झा खालून कोळसा झाला असता. पण २५० अंशांच्या ओटीजीत आपल्याला नेमकी तीच घाई हवी असते. जाड बिडाचा सपाट तवा, डोशाचा असतो तसा, हे पिझ्झासाठी दगडाइतकंच चांगलं साधन आहे, आणि एक-दोन पिझ्झे करायचे असतील तर दगडापेक्षा सोयीचं.

मात्र नुसत्या गॅसवर, वर झाकण ठेवून तव्यावरचा पिझ्झा, जसा तुम्ही लिहिलाय, त्याला माझी हरकत आहे. खालून तो सुरेख भाजला जातो, पण झाकणाखाली वाफ कोंडते. चीज वितळतं, पण त्याला डाग पडत नाहीत. कडा फुगतात पण पांढुरक्या आणि चिवट राहतात. वरच्या बाजूला कोरडी, थेट आच लागते आणि ती गॅसकडे नाही, ओटीजीच्या वरच्या कॉइलकडे आहे. म्हणून दोघांना जोडीने कामाला लावा. ओटीजी वरच्या कॉइलवर पंधरा मिनिटं पूर्ण तापवा. तेवढ्यात तवा गॅसवर चांगला तापू द्या. पसरलेली पोळी तव्यावर टाका, भराभर रस आणि चीज घाला, दोन-तीन मिनिटांत खाली तपकिरी ठिपके आले की अख्खा तवा वरच्या कॉइलखाली सरकवा. चार-पाच मिनिटांत चीजवर डाग पडतात. तव्याला लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ नसावी. नॉनस्टिक तवा तर यासाठी अजिबात नको, रिकामा एवढा तापवला की त्याचा लेप खराब होतो. खोलगट भाकरीचा तवा असेल तर तो ओटीजीत पालथा ठेवून पाऊण तास तापवा आणि दगडासारखा वापरा, पण मग पोळी छोटी करा, नाहीतर उतारावरून रस कडेला ओघळतो.

मग दगड कधी? घरात सहा-सात माणसं, मुलांचे मित्र आलेले, एकामागून एक चार-पाच पिझ्झे काढायचे, तेव्हा. प्रत्येक वेळी तापलेला जड बिडाचा तवा गॅसवरून उचलून ओव्हनमध्ये घालणं धोक्याचं आहे. दगड जागेवर राहतो, हलतो तो फक्त पिझ्झा. दोन पिझ्झ्यांच्या मध्ये आठ-दहा मिनिटं थांबायचं, दगड पुन्हा भरून येतो.

तिसराही एक पर्याय आहे आणि आपल्या भागात तो सहज मिळण्यासारखा आहे. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे ६ मिलिमीटर जाडीच्या साध्या माइल्ड स्टीलच्या पत्र्याचा चौकोन कापून मिळतो. ३५ सेंटिमीटर बाजूचा तुकडा पावणेसहा किलोच्या आसपास भरतो, तेव्हा ओव्हनची जाळी तेवढं वजन पेलते का ते आधी पाहा. कडा घासून घ्या, वरचा काळपट थर व्हिनेगरने काढा, मग नव्या तव्यासारखं तेल लावून तापवा. जस्ताचा मुलामा दिलेला किंवा रंगवलेला पत्रा मात्र घेऊ नका, तो तापवणं आरोग्याला घातक आहे. हा चौकोन कधी फुटत नाही आणि माझ्या मते घरच्या ओटीजीसाठी दगडाहून सरस आहे. ओट्याच्या कामातून उरलेला कडप्प्याचा किंवा शहाबादी फरशीचा तुकडा वापरू का, असंही कोणीतरी विचारलं होतं. नको. हे थराथराचे दगड आहेत, थरांत ओल राहते, तिची वाफ झाली की दगड तडकतो, त्याच्या कपच्या उडू शकतात. पिझ्झासाठी विकतात तो दगड बहुतेक वेळा कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकचा असतो, तापल्यावर तो फार कमी प्रसरण पावतो, म्हणून टिकतो.

विजेचा हिशोब सरळ आहे. २००० वॅटचा ओटीजी पाऊण तास न थांबता चालला असं धरलं तरी दीड युनिट होतं, आणि थर्मोस्टॅट मधेमधे बंद करत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. बिलातला तुमचा दर लावून पाहा. एका पिझ्झासाठी हा खर्च मलाही पटत नाही, चार-पाच पिझ्झ्यांत तो वाटला जातो. शेवटचा पिझ्झा काढल्यावर बटण बंद करून आत शेंगदाण्याचा ट्रे सरकवा, दगडाच्या उरलेल्या धगीवर दाणे छान भाजले जातात.

तुम्हाला फळी शोभेची वाटली, कारण पिझ्झा तिला चिकटला. तिच्यावर मैदा भुरभुरला होता ना? पिठातलं पाणी शोषून मैद्याची खळ होते. त्याऐवजी ज्वारीचं पीठ लावा. भाकरी थापताना ते ज्या कामी येतं त्याच कामी इथेही येतं, कारण ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, नाही, ती चिकटून धरत नाही. बारीक रवाही चालतो. आणि पोळी फळीवर ठेवली की घड्याळाशी शर्यत आहे असं समजा. रस, चीज, एक झटका देऊन ती हलते का बघा, लगेच दगडावर. सारण आधीच वाट्यांत काढून ठेवलेलं हवं. फळीवर गप्पा मारत भाज्या मांडल्या की पीठ लाकडाला धरणारच. विकतची फळी घ्यायची गरज नव्हती हे मात्र खरं. ओळखीच्या सुताराकडून एका बाजूने निमुळती केलेली पातळ फळी करून घेता येते, नाहीतर कडा नसलेला पालथा ट्रेही भागवतो.

तुम्ही लिहिलेल्या साधनांच्या यादीत एका साधनाचं नाव नाही, आणि मला विचाराल तर पहिला खर्च त्यावरच व्हावा: ग्रॅममध्ये मोजणारा छोटा वजनकाटा. एक कप मैदा दाबून भरला की सैल, यावर त्याचं वजन १२० ग्रॅम ते १५० ग्रॅम काहीही येतं. तेवढ्या फरकाने पीठ एकदा ताठ होतं, एकदा हाताला चिकटतं, आणि माणूस दगडाला दोष देतो. ५०० ग्रॅम मैदा, ३०० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. आपल्या मैद्यात प्रथिनं बेताची असतात, त्याला इटालियन पाककृतींतलं भरमसाट पाणी झेपत नाही, म्हणून मी पाणी मैद्याच्या वजनाच्या ६० टक्क्यांवर थांबवते. सांगली-मिरजेच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हे पीठ ओट्यावर ठेवलं तर दुपारपर्यंत आंबून सैल पडतं. गार पाण्यात भिजवा, दिवसभर फ्रिजमध्ये ठेवा, करायच्या तास-दीड तास आधी चार गोळे करून बाहेर काढा. संथ आंबल्याने चवही येते आणि पोळी हाताने पसरताना फाटत नाही.

मैद्याबद्दल मी वाद घालणार नाही. रोज खायचा पदार्थ नाहीच हा. पाव भाग चक्कीवरची कणीक घातलीत तर चव उलट चांगली लागते, फक्त पाणी थोडं वाढवा, जात्यावर दळलेली कणीक जास्त पाणी पिते. आपल्या कृष्णाकाठच्या खपली गव्हाचं पीठही असंच थोडं मिसळता येतं. नुसत्या खपलीचा मात्र हट्ट नको, तिचं ग्लुटेन दुबळं असतं, पोळी ताणली की भोकं पडतात.

तुळशीबद्दल विचारलंत ते आवडलं. देवापुढची तुळस पिझ्झावर घालू नये असं तुम्ही म्हणता, आणि ती घालूही नये, तिची चव वेगळी आहे. बाजारातून सब्जाचं बी आणा आणि कुंडीत पेरा. सब्जा आणि इटालियन बेझिल एकाच जातीची झाडं आहेत. पानं पिझ्झा बाहेर काढल्यावर घाला, आत घातली तर काळी पडतात.

राहिला साबणाचा वास. दगड सच्छिद्र असतो, साबण आत मुरलाय. दोन-तीनदा नुसत्या गरम पाण्याने धुवा आणि दोन दिवस उन्हात ठेवा. ओला दगड थेट २५० वर तापवलात तर तो तडकेल. म्हणून पूर्ण वाळल्यावर गार ओव्हनमध्ये ठेवून १०० अंशांवर तासभर, मग १५० वर अर्धा तास, मग पूर्ण. वास यातच बहुतेक जातो. पुढे कधी साबण लावू नका. दगड गार झाला की चिकटलेलं उलथन्याने खरवडायचं, ओल्या फडक्याने पुसायचं. काळे डाग राहतात, राहू द्यात. तापल्या दगडावर गार पाणी किंवा फ्रिजरमधला पिझ्झा कधीही नाही, आणि गार दगड तापलेल्या ओव्हनमध्येही नाही.

सूनबाईंना सांगा, दगड मधल्या किंवा त्याच्या वरच्या खाचेत, दोन्ही कॉइल चालू, दिवा विझल्यावरही अजून अर्धा तास कळ काढायची. पिझ्झा आत गेल्यावर सात ते नऊ मिनिटं, शेवटची दोन फक्त वरच्या कॉइलवर. आणि त्याच दिवशी तुम्ही तव्यावर वर सांगितल्याप्रमाणे एक करा, दोन्ही शेजारी ठेवून कापा. तुमच्या तव्याचा व्यास किती, त्याला दांडा आहे की कान, आणि ओटीजी किती लिटरचा आहे तेवढं मला खाली कळवा. तवा आत बसून भोवती दोन-तीन सेंटिमीटर जागा उरते की नाही, ते पाहून गोळा किती ग्रॅमचा घ्यायचा ते सांगते.